दगडावरची मोकळी जागा

बाबांच्या कबरीसाठी मागवलेला दगड मोठा आला, आणि त्यात चूक कोणाचीच नव्हती, असं थोरला सकाळपासून सगळ्यांना पटवून देत होता. पाथरवटाने त्याला दिलेल्या कागदाबरहुकूम दगड कापला होता. आजोबांच्या कबरीवरच्या दगडाचं माप थोरल्याने टेप लावून नीट घेतलं होतं, तेही बरोबर होतं. फक्त खाकी कागदावर आकार काढताना त्याचा हात सवयीने चालला आणि त्याने चारी बाजूंनी माया सोडली. शिलाईत कड जाते म्हणून शिंपी मापापेक्षा थोडं जास्त कापतो, आणि खाली दुमडायचं असतं म्हणून खाली आणखी जास्त. दगड शिलाईत जात नाही आणि दुमडतही नाही, हे त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा दगड घासून, चकाकी देऊन पाथरवटाच्या आवारात उभा होता.

टाचणी म्हणाली, "बाबा असते तर तुला दिवसभर बटणं वेगळी करायला बसवलं असतं."

बाबांना, शिंपी म्हणून, सगळे मास्तर म्हणत; टाचणी ही त्यांची मुलगी. लहानपणी दुकानात जमिनीवर पडलेल्या टाचण्या वेचायचं काम तिच्याकडे होतं. पुढे तिचं बोलणंही त्याच वळणावर गेलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती दुसऱ्या गावातल्या शाळेत भूमिती शिकवायची. सख्ख्या भावाला सरळ आयत काढता येऊ नये, याचा तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो लपवण्याचे कष्टही ती घेत नव्हती.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि त्याखालून येणारं दुपारचं ऊन शिलाई मशिनच्या पायांपर्यंत पोचलेलं. सुनेने मुलांना घेऊन माहेरी जाण्याचं शहाणपण दाखवलं होतं, त्यामुळे कापणीच्या टेबलाभोवती चौघंच होती: थोरला, टाचणी, मास्तरांची बहीण म्हणजे आत्या, आणि आई. टेबलावर काळं अस्तराचं कापड अंथरलं होतं, बरोबर दगडाएवढं. या घरातले सगळे निर्णय याच टेबलावर झाले होते. दुकानाची पाटीसुद्धा मास्तरांनी आधी अशीच कापडावर खडूने लिहिली होती आणि मनासारखी होईपर्यंत ब्रशने झटकली होती. दफनभूमीच्या रखवालदाराने माती आता बसलीय असा निरोप धाडला होता, आणि पाथरवटाला मजकूर उद्या सकाळी हवा होता.

वरच्या बाजूला थोरल्याने नाव आणि दोन सालं लिहिली. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. त्याखाली त्याने "प्रेमळ पती आणि पिता" असं लिहिलं, तेव्हा टाचणीने ब्रश उचलला आणि पहिला शब्द झटकून टाकला.

"माझ्या लग्नात त्यांनी माझ्या नवऱ्याच्या कोटाची बाही सगळ्या पाहुण्यांदेखत उसवली होती. दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतला म्हणून."

"आणि तिथल्या तिथे परत शिवूनही दिली," थोरला म्हणाला. "तो कोट तो अजून घालतो."

"तेच म्हणतेय मी. उसवताना प्रेमळ नव्हते, शिवताना होते. दगडावर अर्धंमुर्धं कसं लिहिणार?"

मग बराच काथ्याकूट झाला. आत्याने "कष्टाळू, सचोटीचे" असं सुचवलं. ते नोकरीच्या शिफारसपत्रासारखं वाटतं म्हणून गेलं. थोरल्याने "शांतपणे विसावले" लिहून पाहिलं. पण मास्तरांनी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी नर्सला तिच्या गणवेशाची कॉलर वाकडी बसलीय म्हणून झापलं होतं, हे सगळ्यांना आठवलं आणि थोरल्याने स्वतःच ते झटकलं. खडूची पांढरी धूळ कापडावर साचत गेली. काहीही लिहिलं तरी कापडाचा खालचा भाग काळाच्या काळा राहत होता. दुमडायला सोडलेली ती जागा चौघांकडे बघत होती.

तेव्हा आत्या बोलली. तिने उभं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं होतं आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून योग्य माणसाला जोडून द्यायची सवय अजून गेली नव्हती.

"एवढा विचार कसला करताय? खाली वहिनीचं नाव घाला. जन्मसाल घाला, पुढे रेघ मारा आणि त्यापुढचं मोकळं सोडा. आपल्या घरात तसंच करतात."

तसंच करत असत, हे खरं. आजोबांच्या दगडावर आजीचं नाव पहिल्या दिवसापासून होतं आणि आजी त्यानंतर चांगली लेकी-सुनांना कामाला लावण्याइतकी जगली. आत्याच्या नवऱ्याच्या दगडावर आत्याचंही नाव होतं. एकदाच घडाई होते, अक्षर एका हाताचं राहतं, मागून मुलांना धावपळ पडत नाही, अशी त्यामागची समजूत होती.

थोरल्याचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला कीव यावी. सकाळपासून ज्या चुकीचं ओझं तो वागवत होता, ती एका वाक्यात दूरदृष्टी ठरली होती. खाली जागा होती ती आईसाठीच होती. जणू हाताला आधीच कळलं होतं. त्याने खडूला टोक केलं आणि आपल्या तिरप्या, देखण्या अक्षरात आईचं नाव आणि जन्मसाल लिहून पुढे रेघ ओढली.

टाचणीने आत्याचं म्हणणं आजवर एकदाही मान्य केलं नव्हतं. आज तिने मान डोलावली. "चांगलं आहे. आईलाही बरं वाटेल," असं ती म्हणाली, आणि आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे दोनदा पाहिलं.

आईने टेबलाची कड धरून स्वतःचं नाव वाचलं, मग त्यापुढची रेघ पाहिली. मग चहा ठेवते म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, शेगडी आणि गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे होते. आईने पातेल्यात पाणी घेतलं आणि काडेपेटी हातात धरून उभी राहिली.

या दुकानात तिची जागा ठरलेली होती. मास्तर पुढे टेबलापाशी, आणि ती त्यांच्या मागे स्टुलावर, काज-बटणं करत. टेप मास्तरांच्या गळ्यात. माप फक्त मास्तर घेत. थोरला कपडा बेतायला लागला, कापायला लागला, तरी मापाला त्याला कधी पुढे होऊ दिलं नाही. यात आईला काही वावगं वाटलं नव्हतं. तसंच असतं, असं धरून चाललं होतं. मग मास्तर गेले. आणि एक दिवस थोरला कापड आणायला बाहेर गेलेला असताना पोस्टमन जाकिटासाठी आला. नंतर या, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि बघते तर हात खिळ्यावरच्या टेपकडे गेलेला. खांदा, छाती, बाही. "हात वर करा," असं ती एका परक्या माणसाला म्हणाली आणि त्याने मुकाट्याने वर केले. जाकीट बसलं. त्यानंतर आणखी माणसं आली. संध्याकाळी घरी चालत जाताना तिला इतकं हलकं वाटायचं की समोरून ओळखीचं कोणी आलं तर ती मुद्दाम चेहरा उतरवायची.

आता त्या रेघेपलीकडची जागा तिची वाट बघत बसणार होती. ती नको म्हणाली तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. थोरल्याला अजून जुन्या कोटाच्या खिशात वडिलांच्या खडूचा तुकडा सापडला तर तो दहा मिनिटं कोणाशी बोलत नाही; त्याला वाटेल, आईला बाबांशेजारी यायचं नाही, म्हणजे आईने संसार नुसता ओढला. टाचणीला वाटेल, आपण म्हणत होतो तेच खरं, आणि वडिलांवरच्या तिच्या जुन्या तक्रारींना ती आईची साक्ष जोडेल. दोघांचंही चूक असेल आणि दोघांनाही समजावता येणार नाही. त्यापेक्षा मूग गिळून बसावं हे बरं, असं तिने जवळजवळ ठरवलं.

साखर कुठे आहे ते विचारायच्या निमित्ताने आत्या आत आली. तिला साखर कुठे असते ते चांगलं माहीत होतं. शेगडी पेटलेली नाही, काडी ओढलेली नाही आणि वहिनी भिंतीकडे बघतेय, एवढं तिने पाहिलं. फोनवर माणूस बोलायचा थांबला की तो रडतोय की चिडलाय हे तिला नुसत्या शांततेवरून कळायचं, आणि समोर उभ्या माणसाचं तर कळायलाच हवं होतं.

"तुला नको आहे," ती हळूच म्हणाली.

आईने नाही म्हटलं नाही. उलट तिनेच विचारलं, "तुमचं नाव आहे ना तिथे, ताई? तुम्हाला काही वाटत नाही?"

आत्याने शेजारचा न नेलेला कोट बाजूला सारला आणि खुर्चीत बसली. काही वेळ ती कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली. हे ती कोणाशीच बोलली नव्हती, आणि भावजयीशी बोलेन असं तर तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"यांच्या दगडावर मी फुलं कुठे ठेवते, बघितलंयस?"

"खालीच की. मोठा गुच्छ असतो."

"माझ्या नावावर ठेवते. दिसू नये म्हणून. सगळ्यांना वाटतं, बाईचा नवऱ्यावर केवढा जीव." आत्या हसली. "जीव होताच गं. पण फुलं त्यांच्यासाठी नसतात."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला राग आला, आणि राग आल्याचं तिला बरंही वाटलं. "मग माझं नाव घाला असं बाहेर कशाला म्हणालात?"

"मला वाटलं, सगळ्या बायकांना चालत असेल, मलाच तेवढं चालत नाही," आत्या म्हणाली. "तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आज मीही तुला विचारलं नाही. बघ आता."

आईने काडी ओढली. शेगडी पेटली. लग्न होऊन या घरात आल्यापासून नणंदेशेजारी आई पहिल्यांदाच इतकी निवांत उभी होती.

चहाचे कप घेऊन दोघी बाहेर आल्या तेव्हा बहीणभाऊ रेघ किती लांब हवी यावर भांडत होते. आईने कप खिडकीत ठेवले, ब्रश घेतला आणि आपलं नाव झटकलं. एका झटक्यात गेलं नाही. खडू चांगलाच दाबून लिहिलेला होता. तिने दोनदा-तीनदा हात फिरवला.

"माझं नाव नको," ती म्हणाली. "मी आहे तोवर नको. मागून तुम्हाला हवं ते लिहा, मी काही भांडायला येत नाही."

थोरल्याच्या हातातला खडू तसाच राहिला. त्याने आत्याकडे पाहिलं. पण आत्या फिरली होती. तिने कप उचलला आणि वहिनी म्हणते तसंच करायचं, असं सांगून मोकळी झाली. टाचणीच्या डोळ्यांत मात्र काहीतरी चमकलं, आणि आईला भीती होती नेमकं तेच तिच्या तोंडून निघालं.

"मला माहीतच होतं. बाबांनी तुला कधी..."

"तू थांब जरा." आईचा आवाज चढला नव्हता, तरी टाचणी थांबली. "मला ते आवडायचे. रोज नाही. पण आवडायचे. त्यांच्या नावावर माझी तक्रार लिहू नकोस, माझी मला लिहिता येते."

"मग का नको?" थोरल्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

आईने खिळ्यावरच्या टेपकडे पाहिलं. "मला मापं घ्यायला आवडतं," ती म्हणाली. "ते होते तोवर मला हे ठाऊकच नव्हतं. ते नाहीत याचं मला वाईट वाटतं, आणि सकाळी शटर उघडताना आनंदही होतो. दोन्ही होतं, त्याला मी काय करू? आणि तिथे खाली नाव बघितलं की मी परत त्यांच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसल्यासारखं वाटतं. मी आत्ताच तर उठलेय."

टाचणीने कधी नव्हे ते ओठ मिटून घेतले आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. वडिलांशी भांडत राहणं हा तिचा एकटीचा धंदा होता आणि त्यात आईला भागीदार करायची गरज नाही, हे कळल्यावर तिलाही थोडं सुटल्यासारखं झालं.

थोरला खिडकीपाशी गेला. आधी त्याला बाबांसाठी वाईट वाटलं. मग दगडासाठी, कारण दूरदृष्टी संपली होती आणि चूक परत चूक झाली होती. आणि मग त्याला पोस्टमनचं जाकीट आठवलं. ते त्यानेच कापलं होतं. आईचं माप आपल्यापेक्षा अचूक असतं हे त्याला तेव्हाच कळलं होतं, कारण कपडा दुरुस्तीला परत आला नाही. तो बोलला नव्हता, आणि न बोलण्याचं कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मला मापं घ्यायला कधीच आवडलं नाही," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी टेप लावला की लोक पोट आत ओढतात, श्वास धरतात. मला खरं माप मिळतच नाही. बाबांनंतर आता हे आपल्यालाच करावं लागणार, म्हणून सकाळी मला दुकानात यायला नको व्हायचं. तू घ्यायला लागलीस आणि..." त्याला पुढचं सापडेना. "मी मुद्दाम कापड आणायला जातो, आई. एवढं कापड लागत नाही आपल्याला."

आईने वळून फडताळाकडे पाहिलं. तिथे कापडाचे गठ्ठे छताला टेकले होते. गेले कित्येक दिवस ती मनात म्हणत होती, पोराला काय झालंय, कशाला एवढं कापड भरून ठेवतो. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय, हे तिला त्या क्षणी कळलं.

"म्हणजे दगडाचं मापही वहिनीनेच घ्यायला हवं होतं," आत्या म्हणाली. मग थोरलाही हसला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याने कबूल केलं की चूक त्याचीच होती.

"पण खाली जागा उरतेय तिचं काय?" टाचणीने विचारलं.

"कापायची," आई म्हणाली. "आखूड आलं असतं तर रडायचं. जास्तीचं कापायला काय लागतं?"

कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. दगड कापता येतो ही गोष्ट, दगड कापूनच आणलेला असूनही, चौघांपैकी एकीलाच सुचली होती. चहा गार झाला होता; सगळ्यांनी तो तसाच घेतला.

मजकूर मात्र अजून ठरायचा होता. आता कापडावर नाव आणि सालं तेवढी उरली होती. आईने थोरल्याच्या हातातला खडू मागून घेतला. तिचं अक्षर थोरल्यासारखं देखणं नव्हतं, पण तिने घाई केली नाही. आधी तिने "शिंपी" एवढंच लिहिलं. मग थोडा विचार करून त्याखाली एक ओळ लिहिली: "यांनी शिवलेले कपडे लोक अजून घालतात."

टाचणीने दोनदा वाचलं. "पण कपडे विरणार ना आई. दगड राहील आणि कपडे जातील. एक दिवस हे खोटं होईल."

"होऊ दे की. बाकीचे दगड पहिल्या दिवसापासून खोटे असतात."

आत्या एवढी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. थोरल्याने ओळ निरखली, आणि त्याला आपल्याच अंगावरच्या सदऱ्याची आठवण झाली. तो बाबांनीच शिवला होता. टाचणीचा नवरा आजही तोच कोट घालून शाळेच्या कार्यक्रमांना जात होता. पोस्टमास्तरांपासून औषधवाल्यापर्यंत निम्मा रस्ता मास्तरांच्या हातच्या शिलाईत फिरत होता. प्रेमळ म्हणावं की नाही यावर ज्यांचं कधी जमलं नसतं, त्या दोघा भावंडांना या ओळीत बदलायला काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला आणि आई दोघं पाथरवटाकडे गेली. कापडावरचा खडू पुसला जाऊ नये म्हणून थोरल्याने ते दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, आणि बसमध्ये लोकांनी त्याला बसायला जागा दिली. आवारात दगडाची भुकटी सगळीकडे पसरली होती. त्यांचा दगड भिंतीला टेकून उभा होता. नुसता बघितला तर खरोखर छान होता, एवढंच की लांब होता.

पाथरवटाने कापड दगडावर लावलं आणि ओठ हलवत मजकूर वाचला. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला, स्वतःच्या अंगातल्या पँटकडे त्याने एक नजर टाकली. मग त्याने लाल पेन्सिल कानामागून काढली. आजोबांचा दगड त्याच्या वडिलांनी घडवला होता. या घराची पद्धत त्याला पाठ होती.

"आणि याखाली बाईंचं नाव ना? जन्मसाल सांगा, पुढचं मोकळं सोडतो."

आईने तोंड उघडलं. काल तिने सांगितलं होतं, पण ते घरात, आपल्या माणसांत. इथे परक्या माणसासमोर तेच पुन्हा सांगायचं तर शब्द जुळवावे लागणार होते, आणि तो काय समजेल कोण जाणे. ती जुळवत असतानाच थोरल्याने पाथरवटाच्या हातातली पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीखाली दगडावर आडवी सरळ रेघ ओढली.

"इथून कापा," तो म्हणाला. "आई अजून कामावर आहे."